लष्कर नसलेला छोटा देश संकटातल्या राष्ट्राच्या पाठीशी उभा कसा राहणार?

आइसलँडने १९९१ मध्ये राहून दाखवलंय. तेव्हा लोकसंख्या जेमतेम अडीच लाख, सैन्य शून्य.

लिथुआनियाने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. १३ जानेवारीला सोव्हिएत रणगाडे राजधानी विल्न्युसच्या टीव्ही टॉवरवर चालून आले, १४ माणसं गेली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अडचणीत येतील म्हणून बडे पाश्चात्त्य देश लिथुआनियाला मान्यता द्यायला कचरत होते. आइसलँडचे परराष्ट्रमंत्री यॉन बाल्डविन हॅनिबालसन मात्र त्याच महिन्यात थेट तिथे पोहोचले. संसदेभोवती काँक्रीटचे ठोकळे रचलेले, लोक पहाऱ्याला बसलेले, आणि हा पाहुणा त्यांच्यात! ११ फेब्रुवारीला आइसलँडच्या संसदेने ठराव केला: १९२२ साली लिथुआनियाला दिलेली मान्यता अजून लागू आहे. मला यातली खरी हुशारी इथे वाटते. नवं काही दिलंच नाही, जुनंच कायम आहे म्हणाले!

मॉस्कोने राजदूत परत बोलावला. आइसलँड मासे विकून सोव्हिएत तेल घ्यायचा, म्हणजे धोका फुकटचा नव्हता. पण ऑगस्टमध्ये मॉस्कोतलं गोर्बाचेव्हविरोधी बंड फसलं आणि २६ तारखेला लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांचे परराष्ट्रमंत्री आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये राजनैतिक संबंधांवर सह्या करत होते. मग बाकीच्यांची रांग लागली.

विल्न्युसमध्ये आज आइसलँडच्या नावाचा रस्ता आहे. एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये तर चौक आहे, त्या देशाचं परराष्ट्र खातं तिथेच बसतं.