वाचकांचे प्रश्न : पाटीवर ब्रशचे वळण

प्रश्न : गिरगावात मी घरगुती फराळाच्या पदार्थांचे लहानसे दुकान सुरू करत आहे. पाटी, दरपत्रक आणि डब्यांवरची लेबले या सर्वांसाठी ब्रशने सहज लिहिल्यासारखा दिसणारा एकच फॉण्ट वापरावा, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का? मराठीत असे फॉण्ट मिळतात का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : पाटीवर जरूर वापरावा, दरपत्रकावर मुळीच नको. रेघ सुरू होताना भरीव, सुटताना निमुळती आणि कडेला किंचित खरखरीत, अशा वळणामुळे सराईत हाताने झरझर लिहिल्याचा आभास निर्माण होतो, आणि घरगुती पदार्थांना तो शोभतो. रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी १९४२ मध्ये केलेला ‘ब्रश स्क्रिप्ट’ आणि रोजे एक्सकोफाँ यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडवलेला, १९५३ मधला ‘मिस्त्राल’ हे या घराण्यातले गाजलेले फॉण्ट. परंतु ते रोमन लिपीचे आहेत. त्यांतली अक्षरे तळाशी शेपटीने जोडली जातात, तर आपली शिरोरेषेने. म्हणून देवनागरी अक्षरांना तळाशी शेपट्या फोडणारे फॉण्ट मला तरी उसने वाटतात. ब्रशची खूण कान्याच्या टोकाला, वेलांटीच्या वळणात आणि शिरोरेषेच्या तिरक्या सुरुवातीत दिसली पाहिजे.

मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला ‘यात्रा वन’ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे, मात्र त्यात सैलपणापेक्षा ठसठशीतपणा अधिक. ‘कलम’ हस्ताक्षरासारखा मोकळा आहे, पण त्याचे वळण ब्रशपेक्षा पेनाचे. हे दोन्ही फॉण्ट मुक्त परवान्याचे असल्यामुळे व्यवसायासाठीही विनामूल्य वापरता येतात. इतरत्रून उतरवून घेतलेल्या फॉण्टचा परवाना मात्र आधी वाचावा, कारण त्यांतले बरेच केवळ वैयक्तिक वापरापुरते असतात.

आपल्या दुकानाच्या नावात एखादे अक्षर दोनदा येत असेल, तर ते बारकाईने पाहावे. ‘मामा’मधल्या दोन्ही ‘मा’ची खरखरीत कड तंतोतंत सारखी आली, की हाताने लिहिल्याचा बहाणा तिथेच उघडा पडतो. अशा वेळी डिझायनरकडून एका ‘मा’चा आकार थोडा बदलून घ्यावा. खरे तर तीन-चार अक्षरांच्या नावासाठी फॉण्ट शोधण्यापेक्षा सुलेखनकाराकडून ते लिहून घेणेच मी पसंत करीन. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना ज्याचा त्याचा स्वतंत्र चेहरा दिला, तो काही फॉण्ट निवडून नव्हे.

पाटी व्हिनाइल (मागून चिकटणारे प्लॅस्टिक) कापून करणार असाल, तर खरखरीत कडा आधी साफ करून घ्याव्यात, कारण बारीक तुसे नीट कापली जात नाहीत आणि लवकर सुटतात. अक्षरांमधले अंतरही वाढवू नये, शिरोरेषा तुटते. पाटीवर इंग्रजी नावही असेल, तर मराठी अक्षरे त्याहून लहान असता कामा नयेत, आणि महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे.

दरपत्रकावर ब्रशचे वळण नको म्हणतो, ते आकड्यांसाठी. झरझर काढलेल्या १ आणि ९ मध्ये गल्लत झाली, की गल्ल्यावर वाद ठरलेलाच. तिथे ‘मुक्ता’सारखा सरळ फॉण्ट घ्यावा. लेबलावर पदार्थाचे नाव ब्रशने चालेल. घटक, वजन आणि तारीख मात्र ‘मुक्ता’तच छापावी, कारण लहान आकारात ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारख्या जोडाक्षरांच्या पोकळ्या शाईने बुजून जातात.