उष्टावण झालं, झोप गेली

"उष्टावण झालं की रात्रभर झोपेल म्हणत होते सगळे, हा तर जास्तच उठायला लागलाय!" ही तक्रार माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या आयांकडून इतक्यांदा येते, की मी आता पहिला प्रश्न खाण्याचा विचारतच नाही. विचारते, "कामावर कधी रुजू झालात?"

मातृत्व रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली. वरचं अन्नही सहा महिने पूर्ण झाल्यावरच सुरू करायचं. म्हणजे नोकरदार आईच्या घरात वाटी-चमचा येतो आणि आई बाहेर पडते, दोन्ही एकाच सुमारास. दोष मात्र नाचणीच्या सत्त्वाला.

मध्यंतरी आलेला एक मुलगा सात महिन्यांचा. आई आणि आजी, दोघी आल्या होत्या.

"रात्री किती वेळा उठतो?"

"चार-पाच वेळा. झोपण्याआधी वाटीभर सत्त्व भरवते, तरी."

"भरवताना काय करतो?"

"तोंडच उघडत नाही. मान फिरवतो, थुंकतो. मग मोबाइल लावून कसंबसं संपवते."

"ऑफिसातून आल्यावर त्याच्यासोबत पहिलं काय करता?"

"वाटीच घेऊन बसते. दिवसभर नीट खाल्लेलं नसतं ना."

मी एवढंच म्हटलं, "म्हणजे दिवसभराने आई भेटते, ती चमचा घेऊन."

ती गप्प झाली. बोलल्या त्या सासूबाई. "अगं, आल्या आल्या आधी पाज त्याला. वाटीचं मी बघते."

हाच सल्ला मी दिला असता तर घरी पोचेपर्यंतही टिकला नसता. तो त्यांच्या तोंडून यावा, म्हणून तर सासूबाईंची खुर्ची मी सुनेशेजारी ठेवते.

बाळाची आईकडे ओढ नुसती दुधापोटी नसते, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. माझं सगळं काम त्यावरच उभं आहे. दिवसा न भेटलेली आई बाळ रात्री वसूल करतं, दूधही आणि कूसही.

भरवणं दिवसा, दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. मान फिरवली की थांबायचं. थुंकलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्यायचा. वरणाचं पाणी नको, चमच्यातून ओघळणार नाही असा मऊ वरणभात द्या, वर तूप. मध वर्षाच्या आत अजिबात नको, कुणी कितीही सांगो. वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल, उलट्या किंवा ताप असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग मी.

महिन्याभराने तो रात्री दोनदा उठत होता. आईला तेही नको होतं. या वयात दोनदा उठणं मी दुरुस्त करायला जात नाही. पाजा, आणि दिवा न लावता परत झोपा.