डेक घासून घासून थकलो, काळपटपणा काही जात नाही

प्रश्न : आमची छोटी फायबरची बोट आहे, डेक फिकट निळा आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून बारीक चौकटींची खरखरीत नक्षी. दर वेळी साबण लावून जीव जाईपर्यंत घासतो. ओला असेपर्यंत मस्त दिसतो आणि वाळला की खाचांमधे काळं आणि वरती पांढरट. वायर ब्रश लावू का, की सरळ प्रेशर वॉशर? आणि शेवटी वॅक्स मारलं तर मळ कमी बसेल ना?

उत्तर : वायर ब्रश आधी बाजूला ठेवा, जमलं तर कुणाला तरी देऊनच टाका. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रंगीत गुळगुळीत थर, असतो साधारण अर्धा मिलिमीटर, नक्षीच्या टोकांवर तर कधीकधी त्याहून पातळ, ती टोकं झिजली की पकड गेली आणि मळ खाचेत आहे तिथेच. वर तारेचे बारीक तुकडे तुटून खाचेत अडकतात ते गंजतात, मग काळ्याच्या जोडीला तपकिरी ठिपके फुकट.

तुमच्या पत्रावरून मला इथे दोन वेगळ्या भानगडी दिसतायत. खाचेतलं काळं म्हणजे मळ. वरचं पांढरट म्हणजे बहुतेक उन्हाने जेलकोट उतरलाय, त्याची पावडर होते आणि ओलं असताना ती दिसत नाही. कोरड्या डेकवर तळहात घासून बघा, हाताला खडूसारखं लागलं तर तेच. ते साबणाने जाणार नाही, कितीही घासा.

आता मळ. जोर लावून तो निघत नाही कारण ब्रशचे केस टोकांवरनंच सरकतात, किसणी वरून फडक्याने पुसावी तसं होतं. आधी नुसत्या गोड्या पाण्याने मीठ आणि वाळू धुऊन काढा, नाहीतर तीच वाळू तुम्ही डेकवर घासत बसता. मग सावलीत नाहीतर उतरत्या उन्हात एका वेळी मीटरभर जागा घ्या, बोटीचा सौम्य साबण जरा घट्टसर कालवून पसरा आणि पाच मिनिटं हात लावू नका, फक्त वाळू देऊ नका. नंतर मध्यम केसांच्या ब्रशने छोटे गोल, मग तिरके एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, म्हणजे केस चौकटीच्या चारही कोपऱ्यांत शिरतात. जोर ब्रशचे केस वाकणार नाहीत इतकाच.

आणि बहुतेक जण जिथे चुकतात ते इथून पुढे. घासल्यावर फेस करडा झाला म्हणजे मळ सुटलाय, पण तो गेलेला नाही, त्याच खाचांमधे पाण्यात तरंगतोय. तुम्ही निवांत पुढची जागा घासायला घेता, तोवर हे पाणी वाळतं आणि मळ खाली बसून पुन्हा चिकटतो. मग माणूस म्हणतो साबणच बेकार. फेस ओला आहे तोवरच भरपूर पाणी मारून ढकलून द्या, दोनदा, आणि उरलेलं पाणी जाडसर मायक्रोफायबर टॉवेल नुसता दाबून उचला, पुसू नका. टॉवेल काळा झाला तर त्या जागेवर अजून एक फेरी. बोटीच्या बाहेरच्या बाजूही आधी ओल्या करून ठेवा म्हणजे खाली ओघळणाऱ्या पाण्याचे पट्टे उमटत नाहीत.

एवढं करूनही डाग उरले तर ते कशाचे आहेत ते बघून औषध. काळे बारीक ठिपके म्हणजे बुरशी, तिथे घरगुती ब्लीच दहापट पाण्यात, पाच-दहा मिनिटं, मग खळखळून धुवा, गाद्यांची शिवण आणि ॲल्युमिनियमला लागू देऊ नका. गंजाचे किंवा कुजक्या पानांचे तपकिरी डाग असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडवालं क्लीनर, हातमोजे आणि चष्मा घालूनच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीच नाही हां, क्लोरीन वायू निघतो. अमोनियावालं क्लीनरही ब्लीचसोबत नको. दोन्ही लागणार असेल तर वेगवेगळ्या दिवशी करा. चपलेचे काळे ओरखडे मेलामाइन स्पंजने निघतात, पण तो बारीक पॉलिश पेपरच आहे असं समजून हलक्या हाताने.

प्रेशर वॉशर चालेल पण रुंद फवाऱ्याचं नोझल लावून हातभर लांबून, आणि झाकणांचे रबर, सीलंटच्या फटी यांच्यावर अजिबात नाही, पाणी आत शिरलं की त्रास मोठा. आणि वॅक्स नको म्हणजे नकोच! नक्षी कशासाठी आहे तेच विसरायचं झालं, ओल्या डेकवर कुणीतरी नक्की आपटेल. खास नॉन-स्लिप डेकसाठी म्हणून पॉलिमरचे कोट मिळतात, त्यातलं एखादं आधी कोपऱ्यात लावून, ओल्या पायाने उभं राहून बघा. पांढरट पावडरवर नॉन-स्लिप डेकसाठीचंच हलकं क्लीनर ब्रशने फिरवून थोडा फरक पडतो, फारच झालं असेल तर शेवटी नॉन-स्लिप पेंट.

प्रश्न : आमच्या डेकवर वाळू मिसळलेला पेंट आहे. ग्रीसचे डाग थिनरने काढू का?

उत्तर : थांबा जरा. आधी लपलेल्या कोपऱ्यात ॲसिटोनचं फडकं मिनिटभर ठेवा. फडक्याला रंग आला तर तुमचा पेंट एका डब्यातला साधा आहे, थिनर लावला की डाग आणि पेंट दोन्ही जातील, तिथे भांड्यांचा साबण आणि धीर. रंग नाही आला तर बहुतेक हार्डनर, म्हणजे पेंट कडक करणारं दुसऱ्या डब्यातलं रसायन, घालून लावलेला आहे, तो तग धरेल, तरी थिनर थोडाच, तोही खेळत्या हवेत, आणि लगेच धुवा. जिथे पायाला वाळू लागतच नाही तिथे सफाईवर वेळ घालवू नका, पेंटच लावावा लागेल.

प्रश्न : फोमची चिकटवलेली शीट आहे. त्यावर सनस्क्रीनचे तेलकट ठसे आणि माशाचं रक्त पडतं.

उत्तर : रक्तावर ताबडतोब गार पाणी, गरम पाण्याने ते पक्कं होतं. तेलकट ठशांना भांड्यांच्या साबणाचे थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. ॲसिटोन, पेट्रोल वगैरे लावू नका, फोम आणि खालचा गोंद दोन्ही बिघडतात. आणि हे तिन्ही पत्रं लिहिणाऱ्यांना, जमेल तेव्हा बोट किनाऱ्यावर ओढून धुवा, डब्यावर बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबणही कुजून नाहीसा व्हायला वेळ घेतो आणि तोवर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतोच.