स्लॅबच्या इन्सुलेशनची आर-व्हॅल्यू: ९.५ आणि १.६७ एकच कसे?

तुमच्याकडे तीन कोटेशनं आलीत. ५० मिमी एक्सपीएस (पॉलिस्टायरीनची कडक फोम शीट), आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, ९.५. ४० मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम), आर-व्हॅल्यू १.६७. आणि '९७ टक्के उष्णता परतवणारी' फॉइल. अकोल्यात वरच्या मजल्यावर राहता, उन्हाचा त्रास होतो, तर ९.५ वाला पाचपटीहून जास्त चांगला का, असं विचारलंत. नाही. पहिली दोन जवळजवळ सारखीच आहेत. एकाने अमेरिकी एककात आकडा दिलाय, दुसऱ्याने मेट्रिकमध्ये. ९.५ ला ५.६८ ने भागून बघा.

हिशेब सोपा आहे. मीटरमधली जाडी भागिले के-व्हॅल्यू (त्या मालातून उष्णता किती सहज जाते तो आकडा), झाली मेट्रिक आर-व्हॅल्यू. एक्सपीएसची के साधारण ०.०३, पफची ०.०२४ च्या आसपास, म्हणून पफ कमी जाडीत तेच काम करतं. डीलर मात्र '३२ डेन्सिटीचा माल आहे' (घनमीटरला ३२ किलो) एवढंच सांगतात. डेन्सिटीवरून शीट किती भार पेलेल याचा अंदाज येतो, उष्णतेचा नाही. के-व्हॅल्यूचा टेस्ट रिपोर्ट मागा आणि आर स्वतः काढा.

आता जाडी किती घ्यायची? इथेच लोक जास्त पैसे घालवतात. १५० मिमीच्या उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.३ च्या घरात असते. यू म्हणजे अख्ख्या छतातून उष्णता किती झिरपते तो आकडा, जितका कमी तितकं चांगलं. त्यावर २५ मिमी एक्सपीएस टाकलं की ती ०.९ वर येते. ५० मिमीला ०.५, ७५ मिमीला ०.३६. म्हणजे पहिल्या इंचातच बहुतेक काम होतं. इको-निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत संहितेत, छताच्या यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा १.२ आहे, ती २५ मिमीतच पाळली जाते. तरी विदर्भाच्या उन्हाला मी ५० मिमी घेईन. त्यापुढचा पैसा गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी) लावण्यात घाला, कारण ऊन आधी परतवलेलं केव्हाही बरं.

फॉइलचं म्हणाल तर तिच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असेल तरच ती काम करते. कोब्याखाली दाबून टाकलीत तर उपयोग जवळपास शून्य.

शीट स्लॅबच्या वरूनच टाका. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस, वर कोबा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो, त्याला तापूच न देणं हा खरा उपाय. स्लॅबचं आकुंचन-प्रसरणही कमी होतं, त्यामुळे तडे आणि गळती कमी. अर्थात गच्ची सोसायटीची, लेखी परवानगी आधी घ्या.

परवानगी मिळालीच नाही तर खालून, फॉल्स सीलिंगच्या वर इन्सुलेशन करता येतं. पण तिथे पफ किंवा थर्माकोल उघडं ठेवू नका, आग लागली तर भडकतं आणि धूर विषारी असतो. जिप्सम बोर्डने पूर्ण झाका, नाहीतर सरळ रॉकवूल (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) घ्या. त्याची के ०.०४ च्या जवळ धरा आणि तेवढ्याच, म्हणजे १.६७ आर-व्हॅल्यूसाठी ६५-७० मिमी जाडी ठेवा. दाबून बसवू नका, दबलं की जाडी जाते आणि तिच्याबरोबर आर-व्हॅल्यूही.