लेख न समजता संगणक त्याचा विषय कसा ओळखतो?
शब्द मोजून! ऐकायला बाळबोध वाटतं, पण सुरुवात तिथूनच झाली. १९५०च्या दशकात आयबीएम या संगणक कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी मांडलं, की शब्द किती वेळा येतो यावरून लेखातलं त्याचं महत्त्व ठरवता येईल. अडचण अशी, की 'आणि', 'आहे' हेही ढिगाने येतात. त्यावर ब्रिटिश संगणकतज्ज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये उतारा दिला: संग्रहातल्या मोजक्याच लेखांत सापडणाऱ्या शब्दाला जास्त वजन द्यायचं. 'प्रकाशसंश्लेषण' चारदा आला तरी विषयाचा अंदाज येतो. 'पद्धत' चाळीसदा येऊनही काही कळत नाही. मला तरी या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

वर्गीकरणासाठी माणसांनी आधी विषय लावलेले लेख यंत्राला देतात. कोणत्या विषयात कोणते शब्द येतात हे ते त्यातून शिकतं. लेख शोधताना आपण टाकलेल्या प्रश्नातले शब्दही असेच तोलले जातात.

मराठीत एक जादा कटकट आहे. घरात, घरांना, घराशी ही रूपं आधी 'घर'वर आणावी लागतात, नाहीतर कामाचे लेख निसटतात. त्यात 'कर' म्हणजे हात की टॅक्स, हे शेजारचे शब्द पाहिल्याशिवाय कळत नाही.