अमेरिकेतल्या विद्यापीठांत फेब्रुवारीतच ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, का असतो? भारतीय विद्यार्थ्यांनी त्यात जावं का?

फेब्रुवारी आला तो कार्टर वुडसन यांच्यामुळे. या कृष्णवर्णीय इतिहासकाराने 1926 मध्ये एक आठवडा सुरू केला. लिंकन यांचा जन्मदिवस 12 फेब्रुवारी, आणि गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस आपला 14 ला मानायचे, म्हणून तो आठवडा.

त्याचा महिना मात्र विद्यार्थ्यांनी केला, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ या संघटनेने 1969 मध्ये ही कल्पना मांडली आणि 2 जानेवारी ते 28 फेब्रुवारी 1970 असा पहिला सोहळा केला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी दखल घेतली ती थेट 1976 मध्ये!

जावं का? अगदी जरूर जा. व्याख्यान, गाणं, जेवण, जे असेल त्याला. आपलं नातं जुनं आहे हो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि त्यांचं उत्तरही आलं. तिथे कुणाशी गप्पा झाल्या तर हे आवर्जून सांगा.