गाण्यावर बंदी येते ती नेमकी कुठे?

वाचकांचे प्रश्न : निषेधाची गाणी आणि सत्ता

प्रश्न : चिलीचे गायक व्हिक्टर हारा यांना १९७३ च्या लष्करी उठावानंतर ठार करण्यात आले, असे वाचले. ज्यांच्या हाती सैन्य आहे, तुरुंग आहेत, त्यांना गाण्याची एवढी धास्ती का वाटावी? आणि ‘गाण्यावर बंदी घातली’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात काय केले जाते? (एक संगीतशिक्षिका)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. पत्रक झडतीत सापडते, पाठ झालेले गाणे सापडत नाही. शिवाय ते दहा जणांनी एकत्र म्हटले की त्या दहा जणांना आपण एकटे नसल्याचे कळते. सत्तेला धास्ती असते ती या कळण्याची.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. उघड हुकूम काढून गाणे बंद करण्याचे ठळक उदाहरण ग्रीसचे. तिथे एप्रिल १९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच वर्षी जूनमध्ये निघालेल्या एका लष्करी आदेशाने ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांचे संगीत वाजवण्यास, इतकेच नव्हे तर ऐकण्यासही मनाई केली. असे हुकूम दुर्मीळ असतात, कारण ते अमलात आणायचे तर घरोघरी भिंतीला कान लावून बसावे लागते. त्यापेक्षा गाणे ज्या वाटांनी लोकांपर्यंत पोहोचते त्या वाटा अडवणे सोपे पडते. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी रेडिओकडे ध्वनिमुद्रिका पाठवताना कंपन्यांना गाण्यांचे शब्दही लिहून द्यावे लागत. रेडिओच्या तपासणी समितीला जे गाणे आक्षेपार्ह वाटे, त्याची नोंद तर होईच. पण निवेदकाने चुकून वा मुद्दाम ते लावू नये म्हणून तबकडीवरचा नेमका तेवढा भाग टोकदार हत्याराने ओरखडून ठेवत. बाकीची गाणी शाबूत, त्या एकाच गाण्यावर सुई घसरे. रेडिओच्या ग्रंथालयात बसून हे काम करणारा माणूस स्वतःला कलेचा शत्रू मानत नसणार. तो आपली नोकरी करत होता.

चेकोस्लोव्हाकियात वेगळी वाट होती. तिथे पैसे घेऊन कार्यक्रम करायचा तर कलावंताला सरकारी परवाना लागे. ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक वाद्यवृंदाचा व्यावसायिक दर्जा १९७० च्या सुमारास काढून घेण्यात आला, तेव्हा त्यांची गाणी राजकीयसुद्धा नव्हती. पुढे १९७६ मध्ये त्यांच्यापैकी आणि त्यांच्या वर्तुळातील चौघांना ८ ते १८ महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्या खटल्याच्या संतापातून पुढच्या जानेवारीत ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचे प्रसिद्ध निवेदन निघाले. ज्यांना राजकारणाशी देणेघेणे नव्हते त्यांना सरकारनेच राजकारणात ओढले, असा हा प्रकार.

मला स्वतःला सर्वांत परिणामकारक वाटते ती कागदावर न उतरणारी बंदी, आणि तिचे उदाहरण तुम्ही उल्लेख केलेल्या चिलीतलेच आहे. हारा आणि त्यांच्या पिढीतील गायकांनी अँडीज पर्वतराजीतील क्वेना ही बासरी आणि चारांगो हे छोटे तंतुवाद्य आपल्या गाण्यांत आणले होते, त्यामुळे ती वाद्येच डाव्या चळवळीची खूण बनली. उठावानंतर एका लष्करी अधिकाऱ्याने लोकसंगीतातील काही कलावंतांना बोलावून ही वाद्ये चालणार नाहीत, अशी तोंडी समज दिली. लेखी आदेश नाही म्हणजे दाद मागायला जागा नाही. शिवाय नेमके काय चालेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जो तो चार पावले मागेच थांबतो. यावर १९७४ मध्ये ‘बारोको आंदिनो’ या चमूने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. त्यांनी याच वाद्यांवर बाखसारख्या युरोपीय संगीतकारांच्या रचना वाजवायला घेतल्या, आणि चर्चमध्ये कार्यक्रम केले. बाखला आक्षेप कोण घेणार? शब्द एकही नव्हता, पण वाद्यांचा नाद पुन्हा कानांवर पडू लागला, आणि ऐकणाऱ्यांना काय समजायचे ते समजले.

प्रश्न : बंदी घातली की गाणे उलट अधिक गाजते, असे नेहमी म्हणतात. आता तर इंटरनेट आहे. मग सेन्सॉरला काही अर्थ उरला आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : ‘बंदीने गाणे गाजते’ हे वाक्य मला पूर्णपणे पटत नाही. १९७७ मध्ये बीबीसीने ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक रॉक चमूचे ब्रिटनच्या राणीवरील गाणे वाजवण्यास नकार दिला आणि तरीही ते ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, हे खरे. पण आपल्याला माहीत असतात त्या सगळ्या फसलेल्या बंद्या. ज्या यशस्वी झाल्या, त्यांतील गाणी आपल्या कानांवर आलीच नाहीत, मग त्यांची गणती कोण करणार?

ब्राझीलचा अनुभव दोन्ही बाजू दाखवतो. तिथे लष्करी राजवटीत गाण्याचे शब्द आधी सेन्सॉर कार्यालयात मंजूर करून घ्यावे लागत. गीतकार-गायक शिकू बुआर्की यांचे १९७० मधील एक गाणे वरवर प्रेमिकांच्या भांडणाचे वाटल्याने मंजूर झाले आणि लोकांच्या तोंडी बसले. त्यातील दरडावणारी व्यक्ती म्हणजे राष्ट्राध्यक्ष असल्याचे अधिकाऱ्यांच्या ध्यानात उशिरा आले, तेव्हा गाणे मागे घेऊन शिल्लक तबकड्या नष्ट करण्यात आल्या. त्यानंतर बुआर्की यांचे नाव दिसले की कागद अडू लागला. म्हणून त्यांनी १९७४ मध्ये ‘जुलिन्यो द अदेलाइद’ नावाचा गीतकार जन्माला घातला. या नसलेल्या माणसाची गाणी मंजूर तर झालीच, पण त्याची मुलाखतही एका वृत्तपत्रात छापून आली! गुपित फुटल्यावर सेन्सॉर कार्यालयाने अर्जासोबत गीतकाराच्या ओळखपत्राची प्रत जोडण्याची अट घातली. किस्सा मजेदार आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की, देशातील अव्वल गीतकाराची प्रतिभा काही वर्षे कारकुनाला चकवण्यात खर्च झाली. ज्यांच्याकडे एवढी प्रसिद्धी वा चतुराई नव्हती, त्यांचे कागद नुसते परत आले.

इंटरनेटने प्रसाराचा वेग वाढवला, तसा गायकाचा पत्ता शोधण्याचाही. इराणमध्ये २०२२ च्या आंदोलनात शर्विन हाजीपूर यांनी लोकांच्या ट्वीटमधील ओळी जोडून ‘बराये’ हे गाणे रचले. काही तासांत ते देशभर पसरले, काही दिवसांत गायक अटकेत गेला आणि त्याच्या खात्यावरून गाणे नाहीसे झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमीचा विशेष पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये आपल्याला तीन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाल्याचे आणि अमेरिकेच्या अपराधांवर गाणे रचण्याचाही आदेश मिळाल्याचे हाजीपूर यांनी जाहीर केले. इराणमधीलच रॅप गायक तूमाज सालेही यांना एप्रिल २०२४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये रद्द केली आणि डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

हाँगकाँगचा मार्ग याहून सभ्य दिसतो. २०१९ च्या आंदोलनातील ‘ग्लोरी टू हाँगकाँग’ या गाण्यावर सरकारने मनाई हुकूम मागितला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो नाकारला, मे २०२४ मध्ये अपिलात मंजूर झाला आणि पाठोपाठ यूट्यूबने न्यायालयाच्या यादीतील ३२ चित्रफिती हाँगकाँगमधील प्रेक्षकांसाठी बंद केल्या. दार तोडण्याची गरज पडली नाही, कंपनीला यादी दिली की काम झाले. तेव्हा सेन्सॉरला अर्थ उरला आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘पूर्वीपेक्षा कमी कष्टांत उरला आहे’ असे आहे.

प्रश्न : एखाद्या रेडिओ कंपनीने किंवा श्रोत्यांनी गायकावर बहिष्कार टाकला, तर तीही मुस्कटदाबीच का? आणि गाणे खरोखरच हिंसेला चिथावणी देत असेल तर? (एक निवृत्त वकील)

उत्तर : श्रोत्याने रेडिओ बंद केला तर तो त्याचा हक्क झाला, त्याला सेन्सॉर म्हणू नये. २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर अमेरिकेतील ‘डिक्सी चिक्स’ या चमूच्या गायिकेने लंडनच्या मंचावरून राष्ट्राध्यक्षांविषयी नाराजी बोलून दाखवली, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी तबकड्या फोडल्या, हे त्या हक्कातच येते. परंतु अनेक केंद्रांची मालकी असलेल्या एका कंपनीने वरून आदेश काढून आपल्या सर्व कंट्री संगीत केंद्रांवर त्यांची गाणी महिनाभर बंद ठेवली, तेव्हा स्थानिक निवेदकाची आवडनिवड आणि श्रोत्याची फर्माईश या दोन्ही गोष्टी बाद झाल्या. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने त्यावर सुनावणीही घेतली. कायद्याने ही बंदी नव्हे. पण काही मोजक्या हातांत सगळ्या वाटा गेल्या की परिणाम तोच होतो, असे माझे मत आहे.

चिथावणीविषयी आपण वकील असल्याने रुवांडाच्या सिमोन बिकिंदी यांचा खटला आपल्याला रस वाटेल असा आहे. त्यांची गाणी १९९४ च्या नरसंहाराच्या काळात द्वेष पसरवणाऱ्या रेडिओवरून वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००८ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा दिली, ती मात्र गाण्यांसाठी नव्हे. ध्वनिक्षेपकावरून तुत्सी समाजाच्या लोकांना मारण्याचे आवाहन त्यांनी केले, ते सिद्ध झाले. गाणी हिंसा घडवण्याच्या हेतूनेच रचली, हे सिद्ध झाले नाही. इतक्या भीषण प्रकरणातही न्यायाधीशांनी गाणे आणि आवाहन वेगळे तपासले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या राबात कृती आराखड्यात चिथावणी ठरवण्यासाठी परिस्थिती, बोलणाऱ्याचे स्थान, हेतू, मजकूर, प्रसार आणि प्रत्यक्ष हानीची शक्यता, अशा सहा कसोट्या दिल्या आहेत. राजाचा अपमान किंवा सरकारवरची कडवट टीका या कसोट्यांवर टिकणे अवघड आहे. स्पेनमध्ये पाब्लो हासेल या रॅप गायकाला राजघराण्याचा अपमान आणि दहशतवादाचे उदात्तीकरण या आरोपांवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये तुरुंगात नेले गेले आणि रस्त्यांवर निदर्शने झाली. त्यांचे काही शब्द मला किळसवाणे वाटतात, तरीही तो खटला योग्य होता असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : मी स्वतः अशी गाणी लिहिते आणि गाते. मागच्या महिन्यात एका सभागृहाने ‘वरून फोन आला’ असे सांगून ऐनवेळी कार्यक्रम रद्द केला. मी काय करावे? (एक तरुण गायिका)

उत्तर : ‘वरून फोन आला’ हीच ती कागदाविना बंदी, तेव्हा पहिले काम कागद तयार करण्याचे. सभागृहाच्या व्यवस्थापनाला शांत भाषेत पत्र लिहावे : अमुक तारखेला आरक्षण झाले होते, अमुक वेळी तोंडी कळवून ते रद्द केले, कारण लेखी कळवावे आणि भरलेली रक्कम परत करावी. उत्तर आले नाही तरी तुमच्या पत्राची पोच हा पुरावा असतो. फोन कोणाचा होता, याविषयी तर्क जाहीरपणे मांडू नयेत. तुम्हाला ठाऊक आहे तेवढेच सांगावे, नाहीतर चर्चा गाण्यावरून बदनामीच्या दाव्यावर जाते. नोटीस आली तर समाजमाध्यमांवर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवावी.

गाण्यांचे शब्द, चाली आणि ध्वनिमुद्रणे एकाच खात्यावर किंवा एकाच संगणकावर ठेवू नयेत. हारा यांच्या पत्नी जोन यांनी त्यांची ध्वनिमुद्रणे देशाबाहेर पोहोचवली, म्हणून आज आपण ती ऐकू शकतो. कोपनहेगनची ‘फ्रीम्यूझ’ ही संस्था १९९८ पासून संगीतावरील बंद्यांची नोंद ठेवते, आणि नॉर्वेतील स्टाव्हांगरहून चालणारे ‘इकॉर्न’ हे शहरांचे जाळे जिवाला धोका असलेल्या लेखक-कलावंतांना तात्पुरता आसरा देते. तुमचे प्रकरण त्या टोकाला गेलेले नाही, पण झालेल्या घटनेची नोंद अशा ठिकाणी असली तर पुढे उपयोग होतो.

शेवटी एक सूचना, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रसिद्धी आणि पाठिंबा गायिकेला मिळतो. तबलजी, ध्वनियोजक आणि चित्रफीत करणारा मुलगा यांची मात्र पुढची कामे गुपचूप तुटतात. गाण्यात काय आहे हे त्यांना तालमीआधी सांगावे, नाव द्यायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि कार्यक्रम रद्द झाला तर त्यांचे मानधन कोण देणार, हे आरक्षणाच्या दिवशीच लिहून ठेवावे.